फिलिप शैबू यांची कारकीर्द आणि नायजेरियातल्या डेप्युटी गव्हर्नरपदाचं गणित

प्रश्न असा आला आहे: "नायजेरियातल्या एडो राज्यात आमच्या कंपनीचा कारखाना उभा राहतोय. बेनिन सिटीत गेल्यापासून माजी डेप्युटी गव्हर्नर फिलिप शैबू यांचं नाव सारखं कानावर येतं. ते दोनदा निवडून आले, मध्ये पक्ष बदलला, मग पदावरून काढले गेले, कोर्टाने ते काढणं रद्द केलं. हे गृहस्थ नेमके कोण? आणि तिथे डेप्युटी गव्हर्नर म्हणजे पुढचा गव्हर्नर असं धरून चालावं का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तुमचे पैसे त्यावर अवलंबून आहेत. नाही, असं धरून चालू नका. पश्चिम आफ्रिकेत गुंतवणूक करणाऱ्या भारतीय कंपन्यांना तिथल्या राजकारणाबद्दल सल्ला देणं हा माझा व्यवसाय आहे, आणि नव्याने आलेल्या माणसाची सर्वांत महागडी चूक कोणती असं विचारलंत तर मी हीच सांगेन: क्रमांक दोनच्या माणसाला उद्याचा क्रमांक एक समजणं. शैबूंची कारकीर्द नीट वाचली की ही समजूत कुठे फसते ते दिसतं.

पदाची घडण आधी पाहू. नायजेरियात 36 राज्यं आहेत. राज्याचा गव्हर्नर लोक थेट मतदानाने चार वर्षांसाठी निवडतात आणि राज्याची सगळी कार्यकारी सत्ता त्याच्या हाती असते. आपल्या मुख्यमंत्र्यापेक्षाही त्याचा हात मोकळा असतो, कारण विधानसभेतलं बहुमत गेलं म्हणून त्याचं सरकार पडत नाही. 1978 च्या भूमी कायद्याने राज्यातली जमीन विश्वस्त म्हणून त्याच्याच नावे केली आहे. तुमच्या कारखान्याच्या जागेचं भोगवटा प्रमाणपत्र हे शेवटी गव्हर्नरच्या अधिकारातून येतं. सुरक्षेच्या नावाखाली खर्च होणारा जो निधी तिथे 'सिक्युरिटी व्होट' म्हणून ओळखला जातो, त्याची चावीही त्याच्याकडेच.

आता डेप्युटी. 1999 च्या राज्यघटनेतलं कलम 186 एका वाक्यात सांगतं की प्रत्येक राज्याला एक डेप्युटी गव्हर्नर असेल. कलम 187 म्हणतं की गव्हर्नरपदाच्या उमेदवाराने आपला जोडीदार नेमल्याशिवाय त्याची उमेदवारीच वैध ठरत नाही. दोघं एकाच तिकिटावर लढतात, मतदार दोघांना मिळून एकच मत देतो. निवडून आल्यावर डेप्युटीने करायचं काय, याबद्दल कलम 193 इतकंच सांगतं की गव्हर्नर आपल्या मर्जीनुसार त्याच्यावर एखादी जबाबदारी सोपवू शकतो. सोपवलीच पाहिजे असं नाही. त्याच्या कार्यालयाचा खर्च, गाड्या, दौरे, कर्मचारी या सगळ्याच्या मंजुऱ्या व्यवहारात गव्हर्नरच्या कचेरीतून येतात.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे हमखास गोंधळ होतो. आपल्याकडे उपमुख्यमंत्री हे पद घटनेत नाही, तरी त्या खुर्चीतला माणूस बहुधा तगडा असतो, कारण त्याच्यामागे स्वतःचे आमदार असतात आणि हातात अर्थ किंवा गृहासारखं खातं असतं. तो निघून गेला तर सरकार डळमळतं. नायजेरियात नेमकं उलट आहे. पद घटनेत कोरलेलं, पण माणूस रिकाम्या हातांचा. तो रुसला तर सरकारला काहीही होत नाही.

मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने आहे. तो निवडून आलेला असल्यामुळे गव्हर्नर त्याला एका पत्राने घरी पाठवू शकत नाही. राष्ट्राध्यक्ष ओबासान्जो आणि उपाध्यक्ष अतिकू अबुबकर यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये हे केंद्रापुरतं स्पष्ट केलं: दुसऱ्या पक्षात गेला एवढ्या कारणावरून उपाध्यक्षाचं पद जात नाही. राज्यांतही तोच अर्थ धरला जातो. त्यामुळे डेप्युटीला घालवायचं तर कलम 188 खाली महाभियोगच आणावा लागतो. विधानसभेच्या एक तृतीयांश सदस्यांच्या सह्यांची नोटीस निघते. चौकशी करायची की नाही यावर ठराव होतो आणि तो एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतांनी मंजूर व्हावा लागतो. मग राज्याचे मुख्य न्यायाधीश सात जणांची समिती नेमतात, समितीला अहवालासाठी तीन महिने मिळतात, आणि समितीने आरोप सिद्ध ठरवले तर विधानसभा पुन्हा दोन तृतीयांश मतांनी अहवाल स्वीकारते. त्या क्षणी पद जातं. कागदावर ही चाळणी बारीक आहे. पण 'गंभीर गैरवर्तन' म्हणजे काय याची व्याख्या करताना घटनेने विधानसभेच्या मताला येईल ते असं म्हणून ठेवलं आहे, आणि बऱ्याच राज्यांत विधानसभेचं मत गव्हर्नरच्या बंगल्यावर ठरतं.

हे लक्षात ठेवून शैबूंकडे या.

फिलिप शैबू यांचा जन्म 1969 चा, काडुनातला, पण मूळ गाव एडो राज्याच्या उत्तरेतलं जट्टू, एत्साको पश्चिम भागातलं. याच भागातल्या इयाम्होचे अ‍ॅडम्स ओशिओमोले, देशभर गाजलेले कामगार पुढारी. 2007 ची गव्हर्नरपदाची निवडणूक ते कागदावर हरले, कोर्टात जिंकले आणि नोव्हेंबर 2008 मध्ये गव्हर्नर झाले. शैबू 2007 मध्येच राज्य विधानसभेत निवडून आले होते. ओशिओमोलेंच्या राजवटीत ते सभागृहातले बहुमत पक्षाचे नेते झाले, म्हणजे गव्हर्नरचं काम विधानसभेत पुढे रेटणारा माणूस. 2015 मध्ये ते राजधानी अबुजाला, केंद्रीय प्रतिनिधिगृहात गेले. वर्ष-दीड वर्षातच त्यांना परत बोलावलं गेलं, कारण ओशिओमोलेंचे दोन कार्यकाळ संपत होते आणि त्यांनी वारस म्हणून गॉडविन ओबासेकी यांना पुढे केलं होतं.

ओबासेकी हे लागोसच्या वित्तक्षेत्रातून आलेले, राज्याच्या दक्षिणेतले, बेनिन सिटीचे. गल्लीतलं राजकारण त्यांनी फारसं केलेलं नव्हतं. तिकिटाला उत्तरेतला, संघटनेतून वर आलेला, कार्यकर्त्यांची नावं माहीत असलेला माणूस हवा होता. शैबू त्या साच्यात चपखल बसत होते. सप्टेंबर 2016 मध्ये ओशिओमोलेंच्या एपीसी (ऑल प्रोग्रेसिव्हज काँग्रेस) पक्षाच्या या जोडीला 3,19,483 मतं पडली, विरोधी पीडीपी (पीपल्स डेमोक्रॅटिक पार्टी) पक्षाच्या ओसागी इझे-इयामू यांना 2,53,173. 12 नोव्हेंबर 2016 रोजी शैबू डेप्युटी गव्हर्नर झाले.

पुढचा भाग मला त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, जरी लोक 2024 बद्दलच जास्त बोलतात. ओशिओमोले आणि ओबासेकी यांचं 2019 पर्यंत पार फाटलं. ज्याने गव्हर्नर केलं त्याला राज्य मागून चालवायचं होतं, आणि जो गव्हर्नर झाला त्याला ते मान्य नव्हतं. जून 2019 मध्ये नवी विधानसभा स्थापन व्हायची होती. 24 सदस्य, सगळे एकाच पक्षाचे, पण बहुसंख्य ओशिओमोलेंचे. 17 जूनच्या रात्री फक्त नऊ सदस्यांच्या उपस्थितीत सभागृहाचं उद्घाटन उरकलं गेलं आणि त्यांनी सभापती निवडला. बाकीच्यांपैकी बहुतेकांना शपथच मिळाली नाही, पुढे त्यांच्या 14 जागा रिकाम्या जाहीर झाल्या. ऑगस्ट 2020 मध्ये तर विधानभवनाचं छप्पर दुरुस्तीच्या नावाखाली उतरवलं गेलं आणि दारात वाळू-खडीचे ढीग पडले, कारण विरोधी गटाचे सदस्य आत शिरतील अशी भीती होती.

या सगळ्यात शैबू आपल्या राजकीय गुरूच्या विरोधात, गव्हर्नरच्या बाजूने उभे राहिले. भाग एक, राजकारणातली पहिली पायरी ओशिओमोलेंच्याच हाताने चढलेली, तरीही. पक्षाने जून 2020 मध्ये ओबासेकींना उमेदवारी नाकारली, ओबासेकी पीडीपीत गेले, शैबूही त्यांच्यासोबत गेले. 19 सप्टेंबर 2020 रोजी त्याच इझे-इयामू यांच्याशी पुन्हा लढत झाली. गंमत अशी की या वेळी इझे-इयामू एपीसीचे उमेदवार होते आणि ओबासेकी पीडीपीचे. ओबासेकी-शैबू जोडीला 3,07,955 मतं मिळाली, समोर 2,23,619.

या निर्णयाची किंमत समजून घ्या. गव्हर्नर पक्ष बदलतो तेव्हा डेप्युटीपुढे दोनच वाटा असतात. बाऊची राज्यात गव्हर्नर इसा युगुडा यांनी पक्ष बदलला, डेप्युटी गर्बा गडी जुन्या पक्षात राहिले. 2009 मध्ये त्यांना काढलं. झाम्फारात 2021 मध्ये गव्हर्नर मतावाले एपीसीत गेले, डेप्युटी महदी गुसाऊ गेले नाहीत. फेब्रुवारी 2022 मध्ये त्यांनाही काढलं. शैबू सोबत गेले आणि पद टिकलं. पण त्याच क्षणी त्यांचा स्वतःचा आधार गेला. उत्तरेतलं त्यांचं जाळं ओशिओमोलेंच्या पक्षात राहिलं. नव्या पक्षात ते ओबासेकींचे पाहुणे होते, आणि पाहुण्याची वट यजमानाच्या मर्जीइतकी.

माझ्या मते 2019-20 मध्ये आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मी सौम्य करून सांगणार नाही. निवडून आलेल्या सदस्यांना सभागृहाबाहेर ठेवून विधानसभा गव्हर्नरच्या मुठीत घेतली गेली, आणि त्या लढाईत शैबू आघाडीला होते. स्वतः आठ वर्षं त्या सभागृहात बसलेल्या माणसाने हे करायला नको होतं. कलम 188 डेप्युटीला जे थोडंफार संरक्षण देतं ते सगळं विधानसभा स्वतंत्र असण्यावर उभं आहे. 2024 मधली विधानसभा 2023 च्या निवडणुकीतून आलेली, वेगळी होती, पण सभागृहाने गव्हर्नरकडे बघून हालचाल करायची ही सवय तोवर पक्की झाली होती.

आता 2023. ओबासेकींचा दुसरा कार्यकाळ संपत आला होता. शैबूंना वाटलं, आता आपली पाळी. सगळं पणाला लावून आपण साथ दिली, हा त्यांचा दावा होता, आणि माणुसकीच्या हिशेबाने तो चुकीचा नव्हता. पण एडोच्या राजकारणाचा हिशेब निराळा आहे, आणि बाहेरून आलेला माणूस नेमका इथेच अडखळतो.

एडोचे तीन भाग आहेत: दक्षिण, मध्य आणि उत्तर. दक्षिणेत बेनिन सिटी आणि सर्वाधिक मतदार. मध्य भागात एसान लोक. उत्तरेत एत्साको, अकोको-एडो, ओवान. ओशिओमोले उत्तरेचे, त्यांनी आठ वर्षं राज्य केलं. ओबासेकी दक्षिणेचे, त्यांनीही आठ. एसान भागाला 1999 नंतर एकच गव्हर्नर मिळाला होता, ओसेरहाइमेन ओसुनबोर, आणि त्यांचीही निवडणूक दीड वर्षात कोर्टाने रद्द ठरवली होती. त्यांच्याच जागी ओशिओमोले आले. त्यामुळे 2024 मध्ये 'आता एसानची पाळी' ही भावना सगळ्या पक्षांत होती. शैबूंना 2016 मध्ये तिकीट मिळालं ते उत्तरेचे म्हणून. आणि उत्तरेचे म्हणूनच 2024 मध्ये त्यांचा दावा कमकुवत पडला.

डेप्युटी हा बहुतेक वेळा समतोलासाठी घेतला जातो. गव्हर्नर ज्या भागाचा नाही त्या भागाचा, अनेक राज्यांत गव्हर्नर ज्या धर्माचा नाही त्या धर्माचा. जे त्याला तिकिटावर आणतं तेच पुढची पायरी चढताना आडवं येऊ शकतं. म्हणून कोणत्याही डेप्युटीबद्दल मत बनवण्याआधी तो कोणत्या भागाच्या नावाने तिथे बसला आहे आणि त्या भागाची पाळी कधी, हे विचारा. वर्तमानपत्रातल्या मुलाखतींपेक्षा याने जास्त कळतं.

ओबासेकींचा कौल एसान भागातल्या असुए इघोडालो यांच्याकडे होता, लागोसमधले नामवंत वकील आणि कंपनी जगतातलं मोठं नाव. शैबूंना याचा वास लागला तेव्हा त्यांनी 2023 मध्ये अबुजाच्या फेडरल हायकोर्टात धाव घेतली: आपल्याविरुद्ध महाभियोगाचा कट चालला आहे, तो थांबवा. त्यानंतर संबंध झपाट्याने बिघडले. सप्टेंबर 2023 मध्ये त्यांचं कार्यालय गव्हर्नरच्या आवारातून हलवून ओसाडेबे अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुसऱ्या इमारतीत नेण्यात आलं. जुन्या कार्यालयाचं फाटक त्यांना बंद मिळालं. मग त्यांनी जाहीरपणे गव्हर्नरची माफी मागितली, कोर्टातला दावा मागे घेतला. दोन महिन्यांत उमेदवारीही जाहीर केली. माफी आणि उमेदवारी एकत्र नांदत नाहीत, हे त्यांच्यासारख्या मुरलेल्या माणसाला कळत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांच्याकडे दुसरा मार्गच उरला नव्हता.

फेब्रुवारी 2024 मध्ये पीडीपीची उमेदवार निवड झाली. ही निवड प्रतिनिधी करतात, आणि हे प्रतिनिधी प्रत्येक वॉर्डातून तीन याप्रमाणे निवडले जातात. एडोत 192 वॉर्ड आहेत. वॉर्डातल्या त्या तीन माणसांवर ज्याचा ताबा त्याचं तिकीट, आणि सत्तेत असलेल्या पक्षात हा ताबा सहसा गव्हर्नरचा असतो. झालंही तसंच. अधिकृत मेळाव्यात इघोडालो 577 मतं मिळवून निवडून आले. शैबूंच्या गटाने वेगळा मेळावा घेऊन शैबूंना 301 मतं पडल्याचं सांगत विजयी घोषित केलं. पक्षाने पहिलाच निकाल मानला. शैबू सात वर्षांहून जास्त काळ डेप्युटी होते, पण वॉर्ड त्यांच्याकडे नव्हते. एके काळी ते वॉर्डांतूनच वर आले होते, म्हणून हे जास्त खुपतं.

लगोलग मार्चमध्ये महाभियोगाची नोटीस निघाली. आरोप दोन: कोर्टातल्या प्रतिज्ञापत्रात खोटं सांगितलं, आणि सरकारची गोपनीय माहिती उघड केली. दोन्हींचा उगम एकच, महाभियोग थांबवण्यासाठी त्यांनी आधी केलेला दावा. निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती बसली, तिने अहवाल दिला आणि 8 एप्रिल 2024 रोजी विधानसभेने शैबूंना पदावरून काढलं. हजर 19 सदस्यांपैकी 18 जणांनी बाजूने मत दिलं. 24 च्या सभागृहात 16 पुरेशी होती. त्याच दिवशी 38 वर्षांच्या ओमोबायो गॉडविन्स यांचा शपथविधी झाला. तेही उत्तरेचेच, अकोको-एडोचे. माणूस बदलला, भाग तोच ठेवला.

17 जुलै 2024 रोजी अबुजाच्या फेडरल हायकोर्टात न्यायमूर्ती जेम्स ओमोतोशो यांनी हा महाभियोग रद्द ठरवला. आरोप गंभीर गैरवर्तनात बसत नाहीत आणि शैबूंना आपली बाजू मांडण्याची योग्य संधी मिळाली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. निकाल मला योग्य वाटतो. आपल्याला काढू नका म्हणून कोर्टात गेलेल्या माणसाला कोर्टात गेल्याच्या कागदांवरूनच काढायचं, हे मान्य झालं तर कुठल्याच डेप्युटीला न्यायालयाचं दार उरत नाही. पण निकाल हाती आला तरी खुर्ची हाती आली नाही. राज्य सरकारने त्यांना परत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी ते बेनिन सिटीला परतले तेव्हा विमानतळाच्या रस्त्यावर गोळीबार झाला आणि एक पोलीस मारला गेला. त्या वेळी त्यांच्यासोबत एपीसीचे उमेदवार मंडे ओकपेभोलो होते. काही दिवसांतच शैबू अधिकृतपणे एपीसीत परतले, म्हणजे ओशिओमोलेंच्या पक्षात. 21 सप्टेंबर 2024 च्या निवडणुकीत ओकपेभोलो 2,91,667 मतं मिळवून जिंकले, इघोडालोंना 2,47,274 मिळाली. दोघंही एसान भागाचे. कोणीही जिंकलं असतं तरी शैबूंच्या भागाची पाळी येणार नव्हती.

2025 मध्ये राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी शैबूंना राष्ट्रीय क्रीडा संस्थेचे महासंचालक नेमलं. फुटबॉलवर त्यांचं खरं प्रेम आहे आणि एप्रिल 2021 मध्ये बेनिन सिटीत झालेल्या राष्ट्रीय क्रीडा महोत्सवाच्या तयारीत त्यांनी पुढाकार घेतला होता. डेप्युटी असताना त्यांनी मनापासून केलेलं, आणि गव्हर्नरने करू दिलेलं, हे काम होतं. माझ्या नजरेत त्यांच्या डेप्युटीपदाच्या काळातला तो सर्वांत चांगला भाग.

आता तुम्ही म्हणाल, हा एका राज्याचा किस्सा झाला. तर शेजारच्या ओंडो राज्याकडे पाहा, ते एडोला लागूनच आहे. तिथे रोटिमी अकेरेडोलू गव्हर्नर होते. त्यांचे पहिले डेप्युटी अगबूला अजायी 2020 मध्ये भांडून पक्षाबाहेर पडले. त्यांच्यावर महाभियोग आणायचा प्रयत्न झाला, पण 26 पैकी दोन तृतीयांश सदस्य जमले नाहीत आणि मुख्य न्यायाधीशांनी समिती नेमायला नकार दिला. अजायी गव्हर्नरविरुद्ध निवडणूक लढले, हरले, तरी फेब्रुवारी 2021 पर्यंत डेप्युटी राहिले. एका न्यायाधीशाने नियम वाचून दाखवला की किती फरक पडतो, याचं हे उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. अकेरेडोलूंचे दुसरे डेप्युटी लकी आयेदातिवा. गव्हर्नर गंभीर आजारी पडले, आणि 2023 मध्ये आयेदातिवांच्याही विरोधात महाभियोग सुरू झाला. राष्ट्राध्यक्षांनी मध्ये पडून तो थांबवला. डिसेंबरमध्ये आयेदातिवा हंगामी गव्हर्नर झाले, 27 डिसेंबर 2023 रोजी अकेरेडोलू वारले आणि कलम 191 प्रमाणे त्याच दिवशी आयेदातिवांनी गव्हर्नरपदाची शपथ घेतली. नोव्हेंबर 2024 च्या निवडणुकीत त्यांच्यासमोर पीडीपीचा उमेदवार कोण होता? अगबूला अजायी. एकाच गव्हर्नरचे दोन माजी डेप्युटी समोरासमोर, आणि जिंकला तो, जो खुर्ची रिकामी झाली तेव्हा पदावर होता.

सर्वांत प्रसिद्ध डेप्युटी गव्हर्नरची गोष्टही अशीच आहे. गुडलक जोनाथन 1999 पासून बायेल्सा राज्याचे डेप्युटी. 2005 मध्ये त्यांचे गव्हर्नर लंडनमध्ये पैशांच्या गैरव्यवहाराच्या आरोपाखाली पकडले गेले, तिथून निसटून परत आले आणि डिसेंबरमध्ये महाभियोगाने गेले. जोनाथन गव्हर्नर झाले. 2007 मध्ये उपाध्यक्ष, आणि मे 2010 मध्ये राष्ट्राध्यक्ष यारअदुआ वारले तेव्हा राष्ट्राध्यक्ष. दोन्ही वेळा वरची जागा अवचित रिकामी झाली. कानोचे अब्दुल्लाही गांडुजे डेप्युटीपदावरून 2015 मध्ये थेट निवडून गव्हर्नर झाले, ते आपल्या नेत्याच्या, क्वांकवासोंच्या आशीर्वादाने. निवडून आल्यावर दोघांचं बिनसलं. असे अपवाद आहेत. पण तुम्ही अपवादावर कारखाना उभारणार नाही.

दुसऱ्या टोकाला कोगी राज्याचे सायमन अचुबा आहेत. 2019 मध्ये त्यांच्याविरुद्धच्या समितीने आरोप सिद्ध झाले नाहीत असा अहवाल दिला. घटनेनुसार विषय तिथेच संपायला हवा होता. विधानसभेने तरीही त्यांना काढलं. एनुगूत 2014 मध्ये संडे ओन्येबुची यांना काढताना एक आरोप सरकारी निवासस्थानी कोंबड्या पाळल्याचा होता. हे वाचून लोक हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. लाखो मतांनी निवडून आलेला माणूस कोंबड्यांच्या नावाखाली घरी जाऊ शकत असेल तर त्या मतांना काय अर्थ राहिला?

डेप्युटी बळ नसलेला असला तरी बिनमहत्त्वाचा नाही, हेही ध्यानात असू द्या. बायेल्सात 2019 ची निवडणूक एपीसीचे डेव्हिड लायन जिंकले होते. शपथविधीच्या आदल्या दिवशी, 13 फेब्रुवारी 2020 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण त्यांच्या डेप्युटी उमेदवाराच्या प्रमाणपत्रांवरची नावं एकमेकांशी जुळत नव्हती. तिकीट एकच, त्यामुळे एकाचा दोष दोघांना बुडवून गेला. म्हणून निवडणुकीच्या आधी आम्ही दोन्ही नावांचे कागद पाहतो, नुसते वरच्याचे नाही.

मला विचाराल तर सुधारणा दोन ठिकाणी हवी. डेप्युटीला घटनेतच एखादं ठरावीक काम आणि त्याचा ठरावीक निधी मिळायला हवा, म्हणजे त्याला कोंडून ठेवता येणार नाही. आणि 'गंभीर गैरवर्तन' ठरवणं एकट्या विधानसभेच्या मतावर सोडता कामा नये. ही दुरुस्ती गव्हर्नरांना नको असते, आणि घटना बदलायला दोन तृतीयांश राज्यांच्या विधानसभांची संमती लागते. त्या विधानसभा कोणाकडे बघतात ते वर आलंच आहे.

तुमच्या कामापुरतं सांगायचं तर आज एडोचे गव्हर्नर ओकपेभोलो आहेत आणि डेप्युटी डेनिस इदाहोसा, दक्षिणेतल्या ओव्हिया भागातले, आधी केंद्रीय प्रतिनिधिगृहात होते. त्यांची जागा शैबूंपेक्षा थोडी वेगळी आहे, कारण सर्वाधिक मतदार त्यांच्याच भागात आहेत. पण एसानला आपला पूर्ण वाटा हवा असणार, आणि उत्तरही गप्प बसणार नाही. तिथून ओशिओमोले सध्या सिनेटर आहेत. शैबूंना राज्यात पुन्हा काही हवं असेल तर तेही त्यांच्याच दारावरून जावं लागेल. वॉर्डांच्या निवडी, स्थानिक परिषदांचे अध्यक्ष कोणाचे होतात, आणि इदाहोसांना खरोखर एखादं काम दिलं जातं की नुसत्या उद्घाटनांना पाठवलं जातं, यावर नजर ठेवा. त्यांच्या कार्यालयाशी संबंध चांगले ठेवा, आमंत्रण आलं तर जा, आदराने बोला. पण जागेबद्दल तिथून मिळालेला शब्द हा शब्दच समजा. जमिनीचं प्रमाणपत्र गव्हर्नरच्या अधिकाराने निघून हातात पडेपर्यंत यंत्रसामग्री मुंबईच्या बंदरातून हलवू नका.